रचणाऱ्यांचा इतिहास आणि वऱ्हाडची रिकामी जागा

१९३६च्या उन्हाळ्यात बर्लिनमध्ये दोन भारतीय पथकं पाठोपाठ उतरली. जुलैमध्ये ऑलिम्पिकच्या तोंडावर तिथे आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धा भरली होती. मॅडम मेनका यांच्या संचाने तिच्यात कथकच्या अंगाने रचलेली नृत्यनाट्यं सादर केली आणि पारितोषिकं मिळवली. ऑगस्टमध्ये अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या तुकडीने त्याच शहरात कबड्डी आणि इतर देशी खेळ-कसरती दाखवल्या. मंडळाची ही गोष्ट अमरावतीत आजही अभिमानाने सांगितली जाते. मेनकांची गोष्ट नृत्याच्या पुस्तकांत असते. एकीकडे नाच, दुसरीकडे व्यायाम अशी आपण वाटणी करून टाकली आहे, आणि वऱ्हाडातल्या नृत्याचं खरं नुकसान या वाटणीने केलं, असं मला वाटतं.

त्या वेळच्या जर्मनीत ही वाटणी कधीच मोडीत निघाली होती. नृत्यरचनाकार रुडॉल्फ लाबान यांनी शेकडो हौशी माणसांना घेऊन एक प्रचंड समूहनृत्य बसवलं होतं. जूनमधली त्याची रंगीत तालीम नाझी प्रचारमंत्री गोबेल्सने पाहिली आणि प्रयोगच बंद पाडला. ऑलिम्पिकच्या उद्घाटनाच्या रात्री स्टेडियममध्ये हजारो मुलामुलींच्या समूह-हालचाली झाल्या आणि त्यातच मेरी विगमन, ग्रेट पालुका, हाराल्ड क्रॉइट्सबर्ग हे आधुनिक नृत्यातले दिग्गजही नाचले. अमेरिकेतून मार्था ग्रॅहम यांना बोलावणं गेलं होतं. ज्या राजवटीने कलावंतांचा छळ मांडला आहे तिच्या सोहळ्यात आपण नाचणार नाही, असं सांगून त्यांनी ते नाकारलं. बर्लिनची गोष्ट आपल्याकडे सांगताना हा नकारही सांगायला हवा. त्याने अमरावतीच्या मुलांच्या कौशल्याला उणेपणा येत नाही. कोणाच्या मंडपात आपण खेळलो एवढं मात्र कळतं.

बॅले आणि आधुनिक नृत्याचा इतिहास म्हटला की बहुधा नर्तक-नर्तिकांची नामावळी पुढे येते. मला तो इतिहास रचणाऱ्यांचा वाटतो. नाचणारं शरीर थकतं, म्हातारं होतं. टिकते ती रचना, आणि रचना करणाऱ्याने उभी केलेली शाळा किंवा पथक. या कसोटीवर अमरावती-अकोल्याकडे पाहिलं, तर नाचणाऱ्यांची इथे कधीच वाण नव्हती असं दिसतं. वाण आहे ती इथे राहून, इथल्या शरीरांना घेऊन स्वतःचं काही रचणाऱ्यांची.

युरोपच्या बॅलेबद्दल इथे थोडक्यात सांगतो, कारण त्यावर पुष्कळ लिहून झालं आहे. सेंट पीटर्सबर्गमध्ये मारियुस पेतिपा यांनी बॅलेला शिस्तीची चौकट दिली. १८७७ साली त्यांनी 'ला बायादेर' रचलं. त्याची नायिका भारतातली देवळात नाचणारी मुलगी, आणि पेतिपांनी भारत कधी पाहिला नव्हता. १९१३ साली पॅरिसमध्ये निजिन्स्कीच्या 'राइट ऑफ स्प्रिंग'ने ती चौकट हादरवली. नर्तक पाय आत वळवून जमिनीवर आपटत होते आणि प्रेक्षागृहात गोंधळ माजला होता. त्याच्याही आधी इसाडोरा डंकन यांनी चवड्यावरचे बूट फेकून अनवाणी नाचायला सुरुवात केली होती. त्यांचं आत्मचरित्र मराठीत आणलं ते पुण्याच्या कथकगुरू रोहिणी भाटे यांनी, 'मी इसाडोरा' या नावाने. परंपरेत मुरलेल्या एका नर्तिकेला परंपरा झुगारणाऱ्या दुसरीचं चरित्र आपल्या भाषेत असावं असं वाटलं, ही आपल्या नृत्यविचारातली मोलाची घटना आहे.

आना पावलोवा मात्र आपल्या अगदी शेजारी येतात. १९२२च्या अखेरीस त्या भारतात प्रयोग करत होत्या आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये त्यांच्या संचाने अजिंठ्याच्या चित्रांवरचा बॅले रंगमंचावर आणला. वऱ्हाडचं खोरं उत्तरेला गाविलगडचे आणि दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर यांच्यामध्ये वसलेलं आहे. अकोल्याहून सकाळी निघालेला माणूस दुपारी अजिंठ्याच्या लेण्यांत असतो. महाजनक जातकाच्या चित्रातली ती नर्तकी, तिची मुरडलेली कंबर, भोवतीच्या वादक स्त्रिया, हे सगळं आपण शाळेच्या सहलीत पाहिलेलं असतं. त्यातून बॅले करावा हे सुचलं ते रशियातून आलेल्या बाईंना. त्याच १९२३ साली त्यांनी उदयशंकर या तरुण चित्रकला-विद्यार्थ्याला हाताशी धरून 'राधा-कृष्ण' आणि एक हिंदू विवाहनृत्य उभं केलं, आणि भारतीय आधुनिक नृत्याचा मार्ग तिथून फुटला.

उदयशंकर कोणत्याही एका शैलीत रीतसर तयार झालेले नव्हते. त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली शिल्पं, लोकांचे नाच, युरोपचं रंगमंचतंत्र यांतून स्वतःची भाषा घडवली. त्या भाषेला संगीताची बाजू देण्यात विष्णुदास शिराळी यांचा वाटा फार मोठा. पलुसकरांच्या गांधर्व परंपरेत वाढलेला हा माणूस युरोपभर त्यांच्या संचाबरोबर फिरला, आणि १९४८च्या 'कल्पना' चित्रपटाचं संगीतही शिराळींचंच आहे. अल्मोड्याचं उदयशंकरांचं केंद्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ साली बंद पडलं, पण तिथली माणसं देशभर विखुरली. त्यातला एक मुलगा पुण्याला प्रभात कंपनीत नृत्यदिग्दर्शक म्हणून लागला. पुढे त्याला आपण गुरुदत्त म्हणून ओळखू लागलो. अल्मोड्यातच शिकवणाऱ्या झोहरा सेहगल त्याआधी ड्रेस्डेनला मेरी विगमन यांच्या शाळेत शिकल्या होत्या. म्हणजे बर्लिनच्या त्या रात्रीचं नृत्य आणि मुंबई-पुण्याचा रंगमंच यांच्यात एकाच माणसाचं अंतर होतं.

मेनकांकडे परत येऊ. मूळ नाव लीला रॉय, लग्नानंतर सोखी; पती मुंबईच्या हाफकिन संस्थेत. कथक तेव्हा एकट्याने, बैठकीत करायचा नाच होता. त्याला अनेक पात्रांच्या, ठरावीक वेळेच्या, तिकीट लावून दाखवायच्या नृत्यनाट्याचं रूप मेनकांनी दिलं आणि १९३८ साली खंडाळ्याला 'नृत्यालयम्' ही निवासी शाळा काढली. दमयंती जोशी त्यांच्याच हाताखाली लहानपणापासून घडल्या. मेनकांच्या मोठ्या रचनांपैकी एक म्हणजे 'मालविकाग्निमित्र', आणि इथे आम्हा वऱ्हाडकरांनी जरा सावरून बसलं पाहिजे.

कालिदासाची मालविका ही विदर्भाची राजकन्या. दासी म्हणून अग्निमित्राच्या राजवाड्यात राहते आणि गणदास या नृत्याचार्याकडे शिकते. गणदास श्रेष्ठ की हरदत्त, या वादाचा निकाल शिष्यांच्या नृत्यावरून लावायचं ठरतं. परीक्षक म्हणून जिला बसवतात ती परिव्राजिका कौशिकीही विदर्भाचीच. तिची परीक्षकाची समज पाहा. नर्तिकांनी जड पोशाख न करता यावं असं ती सांगते, कारण अंगांची हालचाल नीट दिसली पाहिजे. काहींना स्वतःला विद्या छान येते, काहींना ती दुसऱ्यात उतरवता येते, आणि ज्याला दोन्ही साधतं त्यालाच शिक्षकांत अग्रस्थान द्यावं, असंही तीच म्हणते. मग मालविका जो नाच करते त्याची रचना शर्मिष्ठेची आहे, हे नाटकात स्पष्ट नाव घेऊन सांगितलं जातं. नाचणारी एक, शिकवणारा दुसरा, रचणारी तिसरी, आणि तिघांनाही आपापल्या नावाने मान. दीड हजार वर्षांपूर्वीच्या नाटकातली ही व्यवस्था आजच्या आपल्या कार्यक्रमपत्रिकांपेक्षा पुढे आहे.

वऱ्हाडाची नृत्याशी असलेली सोयरीक याहूनही जुनी दिसते. भरताने दाक्षिणात्यांना नृत्य-गीत-वाद्यांची आवड असलेले म्हटलं आणि कैशिकी ही लालित्याची वृत्ती त्यांच्याकडे दिली. राजशेखराने काव्यमीमांसेत काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लावलं ते विदर्भातल्या वत्सगुल्मात, म्हणजे १९९८पर्यंत अकोला जिल्ह्यात असलेल्या आजच्या वाशीमला. रुक्मिणी कौंडिण्यपूरची, दमयंतीही विदर्भाचीच. केरळात कथकलीचे नट रात्ररात्र नळचरित्र करतात, त्यातली दमयंती आपल्या मातीतली आहे. तिच्यावर अमरावतीत रचलेलं आणि बाहेर गाजलेलं एखादं नृत्य आज पटकन सांगता येईल का? मला तरी सांगता येत नाही.

स्वातंत्र्याच्या आसपासची दहा-बारा वर्षं मुंबईत विलक्षण होती. बंगालच्या दुष्काळानंतर इप्टा या जननाट्य संघटनेचं मध्यवर्ती पथक अंधेरीत एकत्र राहून काम करू लागलं. अल्मोड्याहून आलेले शांती बर्धन त्याचे नृत्यरचनाकार. पुढे १९५२ साली त्यांनी 'लिटल बॅले ट्रूप' काढला आणि 'रामायण' असं बसवलं की माणसं कठपुतळ्यांसारखी हलत होती. क्षयाने पोखरलेला हा माणूस १९५४ साली गेला. पथक मात्र गुल बर्धन आणि प्रभात गांगुली यांनी चालवलं, आणि साठच्या दशकात ते मुंबई सोडून ग्वाल्हेरला, नंतर भोपाळला गेलं. महानगराबाहेर आधुनिक नृत्य जगत नाही असं जे आपल्याकडे गृहीत धरलं जातं, त्याला हे चालतंबोलतं उत्तर आहे. ग्वाल्हेर काही महानगर नव्हतं. सचिन शंकर यांचा बॅले युनिटही मुंबईत याच काळात उभा राहिला.

याच पिढीतले पार्वतीकुमार हे मराठी माणसाने विसरू नये असं नाव. मुंबईत नृत्यनाट्यं रचता रचता ते भरतनाट्यमकडे वळले आणि तंजावरच्या सरफोजी राजांनी मराठीत लिहिलेल्या नृत्यरचना त्यांनी पुन्हा रंगमंचावर आणल्या. त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी हिंदुस्थानी रागसंगीतावर भरतनाट्यम उभं करून 'नृत्यगंगा' घडवली. इकडे रोहिणी भाटे यांनी १९४७ साली 'नृत्यभारती' काढली आणि कथकला ऋग्वेदातल्या उषेपासून कालिदासाच्या ऋतूंपर्यंत नवे विषय दिले. पुणे-मुंबईत या तिघांमुळे शिष्यांच्या दोन-तीन पिढ्या तयार झाल्या. विदर्भाच्या वाट्याला त्यातून मुख्यत्वे आल्या त्या गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा. परीक्षा वाईट नाहीत, प्रवेशिकेपासून विशारदपर्यंत शिस्त त्यांनीच लावली. पण परीक्षेत दुसऱ्याने रचलेलं बिनचूक करून दाखवायचं असतं. स्वतः चार ओळी रचून आणा, असं तिथे कुणी म्हणत नाही.

भारतीय आधुनिक नृत्यात सर्वांत खोल गेलेलं नाव माझ्या दृष्टीने चंद्रलेखा यांचं. जन्म १९२८चा, वाड्याचा, आजच्या पालघर जिल्ह्यातला, कर्मभूमी चेन्नई. भरतनाट्यममध्ये नाव मिळवून त्यांनी अनेक वर्षं रंगमंच सोडला. परत आल्या त्या १९८०च्या दशकात, आणि १९८५च्या 'अंगिक'मध्ये भरतनाट्यमच्या शेजारी योगासनं आणि केरळचं कळरिपयट्टू हे युद्धतंत्र उभं केलं. शरीर आधी, अलंकार नंतर. त्यांच्या रचनेत पाठीचा कणा हा विषय असतो, श्वास हा विषय असतो. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'वर त्यांनी नृत्य केलं, 'शरीर'मध्ये दोन देहांच्या संथ हालचालींवर सगळा प्रयोग पेलला. अस्ताद देबू यांचा रस्ता वेगळा. कथक, लंडनमधलं ग्रॅहम-तंत्र, पिना बाऊश यांच्याबरोबरचं काम आणि मग भारतात परतून कर्णबधिर तरुण-तरुणींना आणि मणिपूरच्या पुंग या ढोलाच्या वादकांना घेऊन केलेल्या रचना. ऐकू न येणाऱ्या मुलांना मोजून, डोळ्यांच्या खुणांनी एका लयीत आणणं हे काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. २०२० साली मुंबईत ते गेले.

चंद्रलेखा कळरीकडे गेल्या, देबू पुंगकडे गेले. मग आपल्याकडे काय आहे, या प्रश्नाचं उत्तर अमरावतीत उभं आहे, आणि ते सागवानी आहे.

हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलं. तिथला मल्लखांबाचा सराव कधी जवळून, अगदी मातीच्या कडेला बसून पाहा. खांबाला एरंडेल चोळलेलं असतं. पोरगा आधी सलामी देतो, मग धावत येऊन उडी घेतो आणि खांब मांडीच्या, काखेच्या, मानेच्या पकडीत येतो. बगली, दसरंग, तिढी, फिरकी, सुईदोरा, ताजवे. प्रत्येक पकडीत एक क्षण असा येतो की हात सुटलेले असतात आणि सगळा भार शरीराच्या एका वळणावर असतो. आधुनिक नृत्यात तोल आणि पडणं यांच्यामधल्या जागेवर डोरिस हम्फ्री यांनी आपलं अख्खं तंत्र उभारलं. आपला दहा वर्षांचा पोरगा त्या जागेवर रोज संध्याकाळी जातो. फरक इतकाच की त्याचं प्रात्यक्षिक गुणांसाठी असतं. पकडींचा क्रम अवघडपणावरून ठरतो, अर्थावरून नाही. त्याच पकडी कुणी अर्थाच्या क्रमाने लावल्या, वेग कमी केला, दोन खांबांवरची दोन माणसं एकमेकांना उत्तर देऊ लागली, की ते नृत्य झालं. मुंबई-पुण्यात मल्लखांब रंगमंचावर आणण्याचे प्रयत्न झाले आहेत. शतक ओलांडलेल्या आखाड्याच्या गावात ते आधी व्हायला हवे होते.

दुसरा ठेवा मेळघाटात आहे. धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकू गावांत होळीचे दिवस आले की सेमाडोह, हरिसालच्या रस्त्यावर फगव्यासाठी गाड्या अडवल्या जातात आणि ढोलकी-बासरी सुरू होते. बहुतेक शहरी लोकांची कोरकू नृत्याशी ओळख तेवढीच, गाडीच्या खिडकीतून. गावात रात्री पाहिलं तर गदली-सुसूनचा खरा घाट कळतो. बायकांची ओळ एकमेकींना धरून उभी, पावलं लहान, गुडघे किंचित मुडपलेले, आणि सगळी ओळ एका अंगाने सरकत वळत जाते. कुणी एकटी पुढे येऊन चमकत नाही. समूहाचंच एक शरीर होतं. लाबान यांनी जर्मनीत कारखान्यातल्या आणि शहरातल्या माणसांना एकत्र हलवण्यासाठी जे शोधून काढलं, ते इथे प्रत्येक फाल्गुनात घडतं. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंतची भुलाबाई हीदेखील मुलींची सामूहिक लय आहे, पण अंगणं गेली तशी ती आक्रसत चालली आहे.

आता शहरात येऊ. अमरावतीत राजापेठ, गाडगेनगर, अकोल्यात जठारपेठ, रणपिसे नगर, इथल्या पाट्यांवर कथक-भरतनाट्यमबरोबर हिप-हॉप, कंटेम्पररी, झुंबा दिसतात. या क्लासेसना नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यात नाही. डिसेंबर-जानेवारीत गॅदरिंगच्या दिवसांत हेच सर आणि मॅडम शाळाशाळांत नाच बसवतात. वीस-पंचवीस पोरं, तीन आठवडे, मोबाइलला जोडलेला स्पीकर, खडूने आखलेल्या जागा. त्यातली निम्मी पोरं कधी नाचलेली नसतात. त्यांना उभं करणं, रांगा बदलणं, उंच पोरगा मागे आणि बुजरी पोरगी मध्ये घेणं, हे सगळं नृत्यरचनेचंच काम आहे. फक्त गाणं चित्रपटाचं, पावलं व्हिडिओवरून उचललेली, आणि वेळ साडेचार मिनिटं. कसब इथे भरपूर आहे. त्याच सरांना कुणी कधी सहा महिने आणि स्वतःचा विषय दिला आहे का, हा प्रश्न आहे.

शुद्ध बॅलेचं म्हणाल तर मला वऱ्हाडात त्याची घाई वाटत नाही. मुंबईत अमिरुद्दीन शाह आणि मनीष चौहान ही साध्या घरांतली मुलं येहुदा माओर या गुरूच्या हाताखाली बॅले शिकून परदेशी संस्थांपर्यंत पोहोचली. त्यांच्यावरून २०२० साली 'ये बॅले' हा चित्रपट आला आणि अनेक गावांतल्या पोरांनी तो पाहिला. ती खरी आणि मोठी झेप आहे. पण बॅलेला लहान वयापासून रोजचा गुरू लागतो, भिंतीला दांडा लागतो आणि पायाखाली किंचित दबणारी लाकडी जमीन लागते. आपल्याकडे सरावाच्या जागेला फरशी असते. फरशीवर उड्या मारणाऱ्या पोरांच्या नडग्या दोन वर्षांत दुखू लागतात. एखाद्या शाळेने वर्गभर लाकडी जमीन केली तरी शहरातल्या सगळ्या नृत्यप्रकारांचं भलं होईल, मग तिच्यावर कथक होवो की कंटेम्पररी. आखाड्याची माती शरीराला सांभाळून घेते, ही समज आपल्याकडे शंभर वर्षांची आहे. ती नृत्याच्या वर्गापर्यंत पोचली नाही.

आणि परत येणाऱ्यांसाठी काही करायला हवं. पुण्याचे हृषीकेश पवार कथक शिकले, ड्रेस्डेनच्या पालुका शाळेत आधुनिक नृत्य शिकले आणि परत येऊन आपल्या शहरात पार्किन्सन्सच्या रुग्णांबरोबर नृत्य करू लागले. थरथरणाऱ्या हातांना लय देण्याचं ते काम आहे. आपली मुलं शिकायला पुण्या-मुंबईला जातात आणि तिथेच राहतात, कारण परत येऊन क्लास आणि गॅदरिंग यांपलीकडे जागा नाही. राज्य नाट्यस्पर्धेची केंद्रं अमरावतीला आणि अकोल्याला आहेत, म्हणून इथे नाटककार आणि दिग्दर्शक तयार होत राहिले. कुणाचं तरी नवं नाटक दरवर्षी लागतंच. स्वतंत्र नृत्यरचनेला तशी ठरलेली तारीख मिळाली, निकष असा की संगीत आणि पावलं दोन्ही स्वतःची, तर पाच वर्षांत अकोल्याच्या प्रमिलाताई ओक सभागृहात वेगळं काहीतरी दिसू लागेल.

विद्यापीठांच्या युवा महोत्सवात लोकनृत्य किंवा आदिवासी नृत्याला साधारण दहा नर्तक आणि दहा मिनिटं मिळतात. मेळघाटातला रात्रभराचा नाच त्या दहा मिनिटांत बसवायचा असतो. कुठली पावलं ठेवायची, कुठली सोडायची, ओळीचं वळण रंगमंचावर कुठल्या कोनात आणायचं, थांबायचं कुठे, हे सगळं कुणीतरी ठरवतं. बहुधा ते धारणीकडचं कोरकू पोरगं किंवा पोरगीच असते, कारण ते दुसऱ्या कुणाला जमण्यासारखं नसतं. निवेदक महाविद्यालयाचं नाव घेतो, नृत्यप्रकाराचं नाव घेतो आणि पडदा उघडतो. त्याच ओळीत रचनाकाराचं नावही घेता येईल. पुढच्या महोत्सवाच्या प्रवेशिकेत त्यासाठी एक रकाना घाला, आणि तो रिकामा सोडलेली प्रवेशिका परत पाठवा.